प्रुइटांच्या टेकडीवरची हिरवळ

टेनेसीच्या डोंगरात, शेताच्या माथ्यावर प्रुइट घराण्याची दफनभूमी होती. तिथली हिरवळ कापण्याचे काम वृद्ध ऑर्विल प्रुइट दर शनिवारी व्रतस्थाच्या निष्ठेने करीत. गेल्या उन्हाळ्यात मात्र उतारावर पाय घसरून ते गवत कापायच्या यंत्रासकट कुंपणापर्यंत गडगडत आले, आणि त्यांच्या मुलीने, लोरीनने, निक्षून सांगितले की आता ती हिरवळच काढून टाकायची.

“जमिनीलगत पसरणारी रानफुलं लावू, बाबा. वर्षातून एकदा छाटली की झालं.”

“म्हणजे आपल्या माणसांच्या अंगावर रान माजू द्यायचं?”

“मग काय, तुम्हालाही तिथंच झोपवायचं?”

“माझी जागा राखलेलीच आहे, पोरी. तुझ्या आईच्या शेजारी.”

“घाई करू नका. तिला आत्ता कुठं जरा शांतता मिळालीय!”

ऑर्विल हसले, होकार मात्र त्यांनी दिला नाही. खरे कारण सांगण्याजोगे नव्हते. त्यांचा धाकटा मुलगा डेल जंगलतोडीच्या कामावर ओंडक्याखाली सापडून गेला, तेव्हा दफनसमयी त्यांच्या मुखातून एक अक्षर निघाले नव्हते. प्रुइटांचे पुरुष चारचौघांत शोक करीत नसत. पुढे एका शनिवारी यंत्राच्या घरघराटात त्यांनी मुलाला नकळत हाक मारली आणि ती कोणालाही ऐकू गेली नाही. तेव्हापासून गवत कापता कापता ते त्याच्याशी बोलत. ओढ्याला मासे आले, तांबडी गाय व्याली, लोरीनचा नवरा तिला सोडून गेला, सारे सांगत. यंत्र थांबले की तेही थांबत. ते यंत्रच गेल्यावर कोणत्या आवाजाच्या आडोशाला उभे राहायचे?

परंतु थकलेल्या देहापुढे हट्ट टिकला नाही. लोरीनने हिवाळाभर गवतावर पुठ्ठे आणि पालापाचोळा अंथरून ते कुजवले. वसंत येताच थडग्यांमधल्या मातीत रानफ्लॉक्सच्या फुलझाडांची आणि रानस्ट्रॉबेरीची रोपे लावली. ती पसरेपर्यंत तण तेवढे हाताने उपटायचे होते.

त्यानंतरच्या शनिवारी ऑर्विल एकटेच टेकडीवर गेले. मधमाशांच्या गुंजारवाखेरीज सारे निःशब्द होते. डेलच्या शिळेसमोर त्यांनी ओठ उघडले. शब्द आला नाही. हातातली टोपी फिरवीत ते तसेच परतले. पुढच्या शनिवारीही तेच घडले.

तिसऱ्या खेपेस वर पोहोचताच त्यांना लोरीनचा आवाज ऐकू आला. भावाच्या थडग्यापाशी मांडी घालून ती तण उपटीत होती.

“काय सांगू, डेल, म्हातारा धड जेवत नाही. शनिवारी इथून आला की भिंतीकडे तोंड करून पडतो. मी हिरवळ काढली म्हणून रुसलाय, दुसरं काय!”

पावलांच्या चाहुलीने तिने मान वळवली. तिच्या मुद्रेवर संकोचाची छायाही नव्हती.

“ऐकलंत ना? बरं झालं. तुमची चुगलीच करत होते. या, बसा, तिकडचं तण तुमचं.”

ऑर्विल सावकाश गुडघ्यांवर बसले. ओल्या मातीत त्यांनी बोटे रुतवली.

“डेल,” ते म्हणाले.

आवाज चिरका होता, परक्या माणसाचा वाटावा असा. इतकी वर्षे ते नाव त्यांनी उच्चारले होते. परंतु यंत्राच्या कल्लोळात ते त्यांना स्वतःलाही कधी ऐकू आले नव्हते. आज ते स्वच्छ ऐकू आले, आणि त्यापाठोपाठ कोणतेही उत्तर आले नाही, हेही.

त्यांचे खांदे थरथरू लागले. लोरीनने वर पाहिले नाही. ती तण उपटीत राहिली.