सादुर्नीची काळी कोर्बाता

सादुर्नीची शवपेटी चर्चमध्ये न्यायची वेळ झाली, तरी आमच्या गायकमंडळाच्या निशाणाला काळी फीत बांधावी की नाही, याचा निर्णय होत नव्हता.

गळ्यातल्या टायला आम्ही कातालान लोक कोर्बाता म्हणतो; निशाणाच्या काठीच्या टोकाशी बांधलेल्या फितीलाही हाच शब्द आहे. स्पर्धा जिंकली की रंगीत, गायक वारला की काळी. सादुर्नी तारुण्यापासून आमच्यात खर्जात गायला. अखेरची काही वर्षे मात्र, भांडून, पलीकडच्या चौकातल्या मंडळात. तरीही त्याच्या पत्नीचा, असुंप्ताचा, निरोप होता : फीत तुमचीच हवी.

“गेला ना त्यांच्यात? मग त्यांनीच रडावं,” अध्यक्ष पेलेग्री म्हणाला.

कोशकार किर्झे मास्तरांनी व्हर्मुथचा पेला बाजूला सारला. “पेलेग्री, गळ्यात काय आहे तुझ्या?”

“कोर्बाता. चष्मा विसरलात का, मास्तर?”

“हे नाव कोणाचं, ठाऊक आहे? क्रोएशियाच्या घोडेस्वारांचं. ते फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत लढले. राजा परका, निशाण परकं; गळ्यातला रुमाल तेवढा घरच्या रीतीने बांधलेला. लोकांनी रुमालाला नाव दिलं ते त्यांच्या देशाचं, राजाचं नव्हे. इटलीवरून फिरत, उच्चार बदलत ते आपल्याकडे आलं.”

“घोडे तबेल्यात बांधा, मास्तर. इथे मयत आहे.”

“मयताचंच बोलतोय. सादुर्नी खर्ज लावायला शिकला कुठे?”

पेलेग्रीने तोंडातली ऑलिव्हची बी बशीत टाकली. “माझ्या शेजारी,” तो म्हणाला. “माझा सूर चुकला की बरगडीत कोपर खुपसायचा, गाढव.”

मास्तरांशी मी आयुष्यभर वाद घातला आहे. त्यांचा तो इटलीचा दुवा मला आजही कच्चा वाटतो. पण एका शब्दाचा उगम असा माणसाच्या कामी आणणारा विद्वान मी दुसरा पाहिलेला नाही. त्या सकाळी मी हरकत घेतली नाही.

पेलेग्रीने कपाटातून फीत काढली आणि स्वतः बांधली.

चर्चच्या दारात असुंप्ताने ती बोटांनी चाचपली. “सैल बांधलीस,” ती म्हणाली. “त्याला चाललं नसतं.”

दोन्ही मंडळांसमोर पेलेग्रीने निशाण आडवे धरले, गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट मारली.