पाइपाचं दुसरं टोक

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे, तुंबलेलं पाणी उपसायचा. लोखंडी अंग, दोन चाकं, ढकलायला एक दांडा आणि डोक्यावर पेट्रोलची टाकी, एवढाच माझा संसार. देखणा मी कधीच नव्हतो, पण मला टाळ्या फार आवडायच्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं टाळ्यांपासूनच सुरू झालं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून मला घडवलं, घासलं आणि हिरवा रंग दिला. एका कामगाराने दोरी ओढून मला चालवून पाहिलं, "चांगला आहे" म्हणाला आणि पुढच्या पंपाकडे वळला. पुढे एका ठेकेदाराने मला विकत घेतलं. इमारतींच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचायचं, ते मी उपसायचो. तिथे मी चालू झालो नाही तर लाथ बसायची आणि चालू झालो तर कुणी बघायचंही नाही. रंग उडाला, दांडा वाकला, आणि शेवटी ठेकेदाराने मला भंगाराच्या भावात या गावच्या समितीला विकून टाकलं.

गाव उतारावर आहे. वरच्या आळीत समितीचं सभागृह, दुकानं आणि गच्चीची घरं. खालच्या आळीत शिंपी, सुतार, हमाल आणि दुकानांत कामाला जाणारी माणसं. पूर्वी मधून एक ओढा वाहायचा म्हणे. वरच्या आळीने त्यावर दुकानं बांधली. ओढा बिचारा भांडला नाही. तो खालच्या आळीच्या घरांतून जायला लागला.

समितीने मला आणलं खरं, पण ठेवायचं कुठे? कुणालाच दारात ही अडगळ नको होती. शेवटी खालच्या आळीत अगदी शेवटच्या घराच्या ओसरीवर मला उभं केलं. पाणी सगळ्यात आधी त्याच घरात शिरायचं.

त्या घरात एक बाई कपडे शिवायची. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा आणि घरी पाहुण्यासारखा यायचा. घरात दुसरं माणूस म्हणजे तिचे सासरे. एके काळचे सुतार, गावातल्या निम्म्या दारांना त्यांचा रंधा लागलेला. पण आता पाय गेले होते. ते पलंगावरच असायचे. पहिल्यांदा पाणी गादीला लागलं तेव्हा बाईने पलंगाच्या चारही पायांखाली एकेक वीट लावली. पुढच्या पावसाळ्यात दुसरी, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिसरी. म्हातारा हसून म्हणायचा, "सूनबाई, असंच चाललं तर मी छतातूनच वर जाईन बघ."

मित्रांनो, त्या बाईने माझी जी काळजी घेतली, ती मला बनवणाऱ्यानेही घेतली नसेल. शिलाई मशीनचं तेल ती मला द्यायची. प्लगवरची काजळी चिंधीने पुसायची, पाइपाच्या तोंडाची जाळी झाडूच्या काडीने साफ करायची. पाऊस असो नसो, दर आठवड्याला एकदा मला चालू करून बघायची. पाणी आलं की आधी शेजाऱ्यांची घरं उपसायची आणि मग स्वतःचं. पाइपाचं दुसरं टोक ती आळीच्या पलीकडच्या पडीक शेतात नेऊन सोडायची, तेही स्वतः ओढत. सगळे तिला पंपवहिनी म्हणायला लागले. सुरुवातीला त्या नावात माया होती.

मग इंजिनियर आला. पावसाच्या पाण्यासाठी जमिनीखालून मोठं गटार काढायचं, असा त्याचा आराखडा होता. वरच्या आळीपासून थेट नदीपर्यंत. खर्च दांडगा होता आणि घरपट्टी सगळ्यांचीच वाढणार होती. गावाने एकत्र बसून काय ते ठरवावं म्हणून सभा बोलावली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पंपालाही घेऊन या सभेला." मला वाटलं, आपला सत्कार आहे. वहिनीने मला घासून पुसून लख्ख केलं आणि स्वतः ढकलत चढावर आणलं.

अध्यक्षांचा सिमेंटचा व्यापार होता. बोलणं साखरेसारखं गोड. त्यांनी इंजिनियरला नकाशा भिंतीवर लावायला सांगितला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग लोकांना विचारलं, "बोला, काय म्हणणं आहे?"

"आमच्या घरात पाणी येत नाही, मग आम्ही कशाला भरायचं?" वरच्या आळीतून एकजण म्हणाला. लगेच दहा माना हलल्या. खालच्या आळीची माणसं मागच्या बाकांवर गप्प बसली होती. त्यांच्यातले निम्मे पुढे बसलेल्यांच्याच दुकानांत कामाला होते.

वहिनी उभी राहिली. तिला सभेत बोलायची सवय नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "पंप पाणी काढतो, पण आत आल्यावर काढतो. तोवर घर भिजलेलं असतं. पाणी आतच येऊ नये असं काहीतरी करा. माझे सासरे पलंगावरून उठू शकत नाहीत. मी एकटी त्यांना उचलू शकत नाही."

"वहिनी, बसा," अध्यक्ष प्रेमाने म्हणाले. "उतार, दाब, पाइपाची रुंदी, यातलं तुम्हाला काय कळतं?"

"पलंगाखाली किती विटा आहेत ते कळतं," वहिनी म्हणाली. "तीन आहेत."

पुढच्या रांगेत गुरुजी बसले होते. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, विनोदी माणूस म्हणून गावभर नाव. ते न उठताच म्हणाले, "मग आणखी एक वीट लावा! गटारापेक्षा स्वस्त पडेल."

सभागृह हसलं. वरची आळी मोठ्याने हसली आणि मागचे बाक जरा हळू. पण हसले सगळेच.

हसू ओसरायच्या आत अध्यक्षांनी मला अंगणात काढायला लावलं. पाण्याने काठोकाठ भरलेलं एक पिंप तिथे तयारच ठेवलं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि माझी दोरी ओढली. एकदाच. मित्रांनो, मी पहिल्याच ओढीला चालू झालो. का नाही होणार? माझ्या नसानसांत तिचं तेल होतं. बघता बघता मी पिंप रिकामं केलं. पाणी अंगणातून उताराला लागलं आणि खालच्या आळीकडे गेलं, पण ते कुणी पाहिलं नाही. सगळे मला बघत होते.

"पाहिलंत?" अध्यक्ष ओरडले. "हा असताना गटार कशाला? आणि याचं श्रेय कुणाचं? आपल्या पंपवहिनींचं! टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यभर मी ज्याची वाट पाहिली, ते हेच. मी आनंदाने थरथरत होतो आणि धूर सोडत होतो. तेवढ्यात वहिनीचं तोंड दिसलं. तिच्या हाताला अजून माझं ग्रीस लागलेलं होतं. ती त्या हातांकडे बघत होती. ती जर आळशी असती, माझा प्लग काजळीने भरलेला असता, जाळी तुंबलेली असती, तर त्या दिवशी मी खोकून गप्प बसलो असतो आणि कदाचित गटार झालं असतं. तिच्या चांगुलपणानेच तिचा घात केला, आणि वर तिलाच टाळ्या वाजवल्या.

गटार नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा, असं सांगितल्यावर हातांचं रान उभं राहिलं. मागच्या बाकांवरचेही काही हात वर गेले. इंजिनियरने नकाशाची सुरळी केली आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

आणखी एक ठराव झाला. इतकी उपयोगी वस्तू खालच्या आळीत ठेवणं बरं नाही, पाण्यात भिजून खराब होईल, म्हणून मला वरच्या आळीत अध्यक्षांच्या दुकानाशेजारच्या खोलीत हलवलं. कोरडी खोली, सिमेंटची जमीन, दाराला कुलूप. तेल द्यायला वहिनीला चढ चढून यावं लागायचं. वाटेत दुकानांतले लोक विचारायचे, "काय पंपवहिनी, लावली का वीट?" ती चढ चढत राहायची. वीट तिने खरंच लावली होती.

मग तो पाऊस आला. सकाळपासून आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं आणि दुपारपर्यंत वरच्या आळीचा रस्ताही दिसेना. त्या दिवशी पहिल्यांदा पाणी तिथेही तुंबलं आणि अध्यक्षांच्या तळघरात शिरलं. तळघरात सिमेंटची पोती होती. कुलूप उघडलं, मला ओढत तळघराच्या दाराशी नेलं आणि चालू केलं. नेहमीप्रमाणे पहिल्याच ओढीला.

थोड्या वेळाने वहिनी धावत आली. नखशिखांत भिजलेली, पायात चप्पल नाही.

"अध्यक्षसाहेब, पंप द्या. पाणी चौथ्या विटेला लागलंय."

"देतो ना वहिनी, अर्ध्या तासात देतो. एवढी पोती वाचू देत."

"घरात माणूस आहे."

"मी कुठे नाही म्हणतोय?" ते अजिजीने म्हणाले. "पण तुम्हीच विचार करा. माणूस भिजला तर पुसता येतो. सिमेंट भिजलं की दगड झाला."

वहिनीने पुढे होऊन माझ्या पेट्रोलच्या कॉकवर हात ठेवला. तो छोटा पितळी कॉक फिरवला असता तर पेट्रोल थांबून मी बंद पडलो असतो. तिचा हात मला ओळखीचा होता आणि मला तेव्हा बंदच पडायचं होतं. पण अध्यक्षांच्या दुकानातल्या दिवाणजींनी तिचं मनगट धरलं. "गावाची वस्तू आहे, वहिनी. असं करू नये."

"मग चार माणसं तरी द्या, उचलायला," ती म्हणाली.

"सगळे पोत्यांना लागलेत," दिवाणजी म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

तेव्हा तिची नजर माझ्या पाइपावर गेली. पाइप दारातून बाहेर पडला होता, रस्ता ओलांडून उताराला लागला होता आणि त्याचं दुसरं टोक खालच्या आळीच्या तोंडाशी मोकळं सोडलं होतं. पडीक शेतापर्यंत ओढत नेण्याचा त्रास कुणी घेतला नव्हता. तळघरातलं सगळं पाणी मी तिच्याच घराकडे पाठवत होतो. ती वळली आणि त्या पाइपाच्या कडेकडेने खाली धावत गेली.

पुढचं मी पाहिलं नाही, लोकांच्या तोंडून ऐकलं. ती पलंगाच्या उशाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि सासऱ्यांचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून होती. म्हातारा तिला म्हणत होता, "सोड मला सूनबाई, तू गच्चीवर जा." खालच्या आळीच्या घराला गच्ची नव्हती, हे त्या सुताराला माहीत नव्हतं का? होतं. पण तिने जावं म्हणून तो काहीही बोलत होता. संध्याकाळी शेजाऱ्यांना त्यांच्या घरांतून फुरसत मिळाली आणि ते आले. तोवर तिचे हात आखडले होते आणि सासरे गेले होते. अध्यक्षांचं एकही पोतं भिजलं नाही.

पाऊस सरल्यावर शोकसभा झाली. मीही होतो, अध्यक्ष मला आता सगळ्या सभांना नेत होते. गुरुजींनी कागद वाचला. म्हाताऱ्याच्या सुतारकामाचे गोडवे गायले, दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. नंतर अध्यक्ष म्हणाले की या दुःखातून गावाने धडा घेतला आहे. एक पंप पुरत नाही, म्हणून समिती दुसरा पंप घेणार आहे, त्याला दिवंगत सुतारांचं नाव दिलं जाईल आणि दोन्ही पंपांची देखभाल वहिनींकडेच राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे एकदोघांच्या लक्षात आलं, पण तोवर वाजवून झाल्या होत्या.

वहिनी उठली. हातात कापडी पिशवी होती. पुढे जाऊन तिने पिशवीतून एक वीट काढली आणि गुरुजींसमोर टेबलावर ठेवली.

"गुरुजी, तुम्ही लावायला सांगितलेली ही वीट," ती म्हणाली. "आता लागत नाही."

गुरुजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. कुणी हसलं नाही. ती परत जायला निघाली आणि माझ्या अंगावरून तिने एकदा हात फिरवला. लोकांना वाटलं, जुन्या सवयीने फिरवला. मला मात्र कळलं. पावसाच्या दिवशी अर्धवट राहिलेलं काम तिने पुरं केलं होतं.

सभेतली ती शांतता मोडायला अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, "चला, वहिनींचा पंप कसा ठणठणीत आहे ते पाहू!" आणि त्यांनी माझी दोरी ओढली. आत उरलेल्या थेंबभर पेट्रोलवर मी दोनदा खोकलो आणि गप्प झालो. त्यांनी पुन्हा ओढली, मग पुन्हा. कपाळावर घाम आला. दिवाणजींनी ओढून पाहिली, तरीही काही नाही.

"वहिनी," अध्यक्ष धापा टाकत म्हणाले, "बघा ना जरा, काय झालंय याला?"

ती दारात थांबली.

"यातलं मला काय कळतं?" ती म्हणाली आणि निघून गेली. पुढच्याच महिन्यात नवरा ट्रक घेऊन आला. त्यात शिलाई मशीन आणि पलंग चढवला आणि दोघं गाव सोडून गेले.

त्यानंतरही गावात गटार झालं नाही. नवा पंप आला, झगझगीत लाल, आणि सभांना आता तो जातो. मी बिघडलेला म्हणून या खोलीत पडून आहे. जमिनीला उतार असल्यामुळे मी घसरू नये म्हणून कुणीतरी माझ्या चाकाला वीट लावली आहे. तीच वीट.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतो, आमची काळजी घ्या. मी तसं म्हणणार नाही. माझी काळजी जिने घेतली तिचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. मी एवढंच मागतो. पुढे तुम्ही मोठे व्हाल, सभांना जाल, आणि कुणीतरी तुम्हाला असाच एक पंप चालवून दाखवेल. तेव्हा टाळ्या वाजवायच्या आधी उठा, पाइपाच्या कडेने चालत जा आणि त्याचं दुसरं टोक कुणाच्या दारात सोडलंय ते बघून या.

आणि चुकून कधी या खोलीत आलात, तर माझा कॉक फिरवू नका. तो तिने बंद केला आहे.