अडलेल्या गाईची परीक्षा

अडलेल्या गाईच्या पोटात मी हात घातला, तेव्हा आतून कुणीतरी माझा हात धरला.

मी चेहरा हलू दिला नाही. या देशात जनावरांची डॉक्टरकी करायची तर परवाना लागतो, परवान्यासाठी ही प्रात्यक्षिक परीक्षा, आणि परीक्षेत उमेदवाराचा चेहराही बघतात असं मी ऐकून होते. माझी ही शेवटची संधी होती. परीक्षक मिस हार्ग्रीव्ह माझ्या मागे उभ्या होत्या.

"काय लागतंय, डॉक्टर?"

"बघतेय."

हात माणसाचा होता. नखं बारीक कापलेली, अंगठ्याच्या बुडाशी जुना व्रण. एका घोड्याने चावा घेतल्यापासून तसा व्रण माझ्या नवऱ्याच्या हातावर आहे. मल्हारी आणि मी एकाच वर्गात शिकलो, मंगळवेढ्याजवळच्या एकाच दवाखान्यात राबलो. हीच परीक्षा द्यायला तो माझ्याआधी इथे आला आणि मग त्याचे फोन थांबले. मी येऊन चौकशी केली, तर परीक्षा मंडळातला माणूस म्हणाला, "ते पास झाले." कुठे आहेत, विचारलं. "प्रॅक्टिसमध्ये," तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

तरीही मी लगेच विश्वास ठेवला नाही. व्रण काय, कुणालाही करून घेता येतो.

आम्ही दोघांनी मिळून सोडवलेल्या पहिल्या म्हशीचं नाव मी या देशात कुणापाशी काढलं नव्हतं. आतल्या तळव्यावर मी बोटाने लिहिलं : आपली पहिली म्हैस कोण?

थोड्या वेळाने माझ्या तळव्यावर सावकाश अक्षरं उमटली. चंद्री.

"गाईचं नाव सांगायचं राहिलं," मिस हार्ग्रीव्ह मागून म्हणाल्या. "चंद्री."

उच्चार थेट मंगळवेढ्याचा होता.

तेवढ्यात कळ आली. कळ आली की गाईबरोबर गोठाही आवळायचा. भिंती आत सरकायच्या आणि कळ ओसरल्यावर पूर्ण मागे जायच्या नाहीत. शेजारच्या कप्प्यात नेपाळचे डॉ. लामिछाने दुसरी गाय तपासत होते. सुरुवातीला ते लांब होते, आता त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घासत होता. त्यांचाही हात कोपराच्या वरपर्यंत आत होता.

"तुमच्याही गाईत हात आहे का?" त्यांनी ओठ न हलवता हिंदीत विचारलं.

मी दुसऱ्या हाताने गाईची शेपटी बाजूला सारली.

"काहीही लागलं तरी वासरूच म्हणा. काल एकीने खरं सांगितलं."

"मग?"

"तिला घरी पाठवलं. गाय कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये चढवली. तशीच, न सोडवता."

बाकी सगळ्या उमेदवारांच्या कोटावर नंबर होते. लामिछान्यांच्या कोटावर नव्हता. ते मंडळाचेच असतील, असं वाटून मी मान फिरवून घेतली. पण बाहेर ट्रकचं इंजिन चालू होतं, ते मलाही ऐकू येत होतं.

"पुढचे पाय की मागचे?" मिस हार्ग्रीव्हनी विचारलं.

आतली बोटं भराभर लिहायला लागली. ओढू नको. पुन्हा तेच. कुंदा, ओढू नको.

मल्हारी मला घरात कुंदाच म्हणायचा. पण तसं तर आता मिस हार्ग्रीव्हही म्हणू शकल्या असत्या. तो खरंच तो आहे का, आणि असला तर मला कशापासून वाचवतोय, हे विचारायला वेळ नव्हता. पुढची कळ आली तेव्हा भिंत माझ्या पाठीला टेकली. आत जो कुणी असेल त्याला ट्रकमध्ये जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

"पुढचे पाय. डोकं सरळ आहे," मी सांगितलं.

"मग ओढा."

मी दोन्ही हातांनी मनगट पकडलं आणि कळेच्या तालावर ओढत राहिले. आधी हात आला, मग डोकं, मग खांदे, आणि मग सगळा मल्हारी एकदम पेंढ्यावर पडला. परीक्षेचा पांढरा कोट अंगाला चिकटलेला. मी बोटाने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला. तो श्वास घ्यायला लागला तेव्हा मी त्याच्याशेजारी पेंढ्यावर बसले.

गाय वळली आणि त्याला चाटू लागली. तो गुडघ्यांवर उठू बघत होता, पडत होता, पुन्हा उठत होता.

"मल्हारी," मी हाक मारली.

गाय हंबरली.

"उत्तम," मिस हार्ग्रीव्ह म्हणाल्या. त्यांनी माझ्या हातात पक्कड आणि पिवळा बिल्ला दिला. "कानात हा मारलात की वासरू मंडळाचं, परवाना तुमचा."

"हा माझा नवरा आहे."

"हो. तेही पास झाले होते."

बाहेरचा ट्रक मागे घेत घेत गोठ्याच्या दाराला येऊन लागला. पक्कड गार होती. मल्हारीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मग हाताने ओले केस मागे सारले, मान वळवली आणि कान माझ्यापुढे धरला.