शेजारच्या निशाण्यावरचे दहा छर्रे

मी एक जुना, दहा भोकांचा कागद आहे. वीतभर लांब, वीतभर रुंद, मधोमध काळा गोल. नेमबाजीच्या खोलीत मला टार्गेट म्हणतात. मित्रांनो, माझा स्वभाव आधीच सांगून ठेवतो. मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. पंखा लागला की मी फडफडतो, दार उघडले की फडफडतो, कोणी रोखून पाहिले तर विचारूच नका. तेव्हा गोष्ट सांगताना मी थोडा पुढेमागे झालो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म छापखान्यात झाला. शेजारच्या थप्पीत वह्यांचे कागद होते. आमच्यावर कविता लिहिणार, गणिते सोडवणार, असे ते मोठ्या तोऱ्यात सांगत. आमच्यावर काय होणार हे कळले, तेव्हा आम्हा शंभर भावंडांचे धाबे दणाणले. बांधलेल्या गठ्ठ्यातही मी थरथरत होतो.

गठ्ठा सुटला तो एका कॉलेजात, जिन्याखालच्या लांबट खोलीत. तिथे नेमबाजी क्लब होता. उभे राहायला सहा जागा, प्रत्येकीसमोर एक तार, आणि दहा मीटरवर भिंत. कागद चिमट्यात अडकवून हँडल फिरवले की तो तारेवरून डुलत भिंतीपाशी जातो. मग छर्ऱ्याची बंदूक घेऊन त्याच्यावर नेम धरायचा. मला चार नंबरच्या तारेवर लावले, पण त्या जागेवर कोणी आलेच नाही. आजचा दिवस वाचलो, असे म्हणून मी निःश्वास टाकला.

तीन नंबरवर एक नवी मुलगी उभी होती. तिचा उजवा पाय सारखा हलत होता, जणू शिवणयंत्र चालवते आहे. सरांनी तिला बंदूक धरायला शिकवली, कधी रोखायची नाही तेही दोनदा सांगितले, आणि ते दुसऱ्या टोकाला गेले. मुलीने डोळा लावला. पाय थांबला. आणि फट्! छर्रा माझ्यातून आरपार गेला.

मी ओरडलो, "अगं, शेजारी! शेजारचा तुझा आहे!" पण कागदाचे कोण ऐकतो? एकामागून एक दहाही छर्रे तिने माझ्यात मारले. सात पांढऱ्यात, तीन काळ्यात. तिचा स्वतःचा कागद तीन नंबरवर कोरा करकरीत लटकत होता.

तिने हँडल फिरवून तो कोरा कागद जवळ आणला, मागून पुढून पाहिला, आणि तिथेच रडू लागली. "सर, मला एकही लागला नाही. हे माझं कामच नाहीये."

सर आले. त्यांनी चष्मा वर केला, भिंतीकडे पाहिले आणि मला ओढून घेतले. मग इतके हसले की त्यांना बाकावर बसावे लागले. "अगं वेडे, दहाही लागलेत. नेम वाईट नाही तुझा, पत्ता चुकलाय!"

सगळी खोली हसली. ती नाही हसली. तिने मला हिसकावले आणि फाडायला दोन्ही हातांनी धरले. तो क्षण आठवला की अजून माझ्या कडा कापतात. सरांनी मला तिच्या हातातून सोडवले.

"पहिला कागद इथे कोणी फाडत नाही," ते म्हणाले. "तो माझ्या फायलीत राहतो. कॉलेज सोडशील त्या दिवशी तुला परत देईन. मग फाड नाहीतर जाळ."

त्यांनी माझ्या पाठीवर तारीख लिहिली, खाली 'तीन नंबरवरून' असे लिहिले आणि मला कपाटातल्या फायलीत घातले. फायलीत सगळेच पहिल्या दिवसाचे कागद होते. त्यातला एकही देखणा नव्हता. मी आतल्या आत दिवस मोजत राहिलो. ती कॉलेज सोडेल आणि माझे दोन तुकडे होतील, हीच धास्ती.

दोन वर्षे गेली. ती मुलगी क्लबची कॅप्टन झाली. तिच्या कागदांवर आता मधोमध एकच भोक पडत असे, दहाही छर्रे त्यातूनच जात. बाहेरच्या जगात तिचा पाय तसाच हलत असे, पण या खोलीत बंदूक खांद्याला लागली की तो थांबायचा. तिला ही खोली फार प्रिय होती. पहिल्या दिवसाबद्दल मात्र ती नव्या मुलांशी कधी चकार शब्द बोलली नाही.

आणि मग खेळ विभागाच्या मॅडमनी निरोप धाडला. क्लबात चारच जण उरले होते. शनिवारी पाच वाजेपर्यंत वहीत पंधरा नवी नावे हवीत, नाहीतर खोली रिकामी करायची. तिथे मोडकी बाके ठेवायची होती. कॅप्टन त्या दिवशी खोलीभर येरझाऱ्या घालत होती. तिच्या पावलांच्या धपधपीने आमचे कपाट हादरत होते.

तिने घाईघाईत एक पत्रक तयार केले. काळी पार्श्वभूमी, पाहणाऱ्यावर रोखलेली बंदूक, शेजारी तिचा एका भोकाचा सुंदर कागद, आणि खाली चौदा सूचना. पहिली सूचना होती, 'ज्यांना शिस्त नाही त्यांनी येऊ नये.' अशी दोनशे पत्रके तिने कॉलेजभर वाटली. बुधवारपर्यंत एकच जण दारात आला, तोही कँटीन कुठे आहे हे विचारायला.

"मी काय कमी केलं, सर?" तिचा आवाज चिरकला. "सगळ्यात चांगलं टार्गेट छापलं!"

सरांनी पत्रक लांब धरून वाचले. "पहिल्या दिवशी हे तुझ्या हातात पडलं असतं, तर तू आली असतीस?"

सरांनी फाईल काढली आणि मला टेबलावर ठेवले. दोन वर्षांनी उजेड दिसला, तोही तिच्या चेहऱ्यासमोर! मी टेबलावरून उडायच्या बेतात होतो, पण सरांनी वर चष्म्याचे घर ठेवले.

"हे? हे छापू मी? कोण काय म्हणेल!"

"ते तुझं तू ठरव. नेलंस तर परत आण. अजून ते तुझं झालेलं नाही."

गुरुवारी सकाळी मी तिच्या वहीत दबून निघालो. कॉलेजच्या फाटकाजवळ तिच्या मावशीचे झेरॉक्सचे दुकान होते. मावशी तिला भिंगरी म्हणे.

"आलीस का भिंगरी? तुझं ते आधीचं पत्रक बघून मला वाटलं, पोलिसांना कुणाला तरी पकडायचं आहे," मावशी म्हणाली. मग तिने मला पाहिले, सगळी हकिगत ऐकली, आणि काउंटरवर हात आपटून हसली. "एवढं मजेशीर काही दोन वर्षं दडवून ठेवलंस? मीसुद्धा आले असते गं!"

पण मला छापणे सोपे नव्हते. मशीनचे झाकण पांढरे, त्यामुळे पांढऱ्यातली सात भोके दिसेनात. मागे काळा कागद ठेवला, तर काळ्यातली तीन गायब. कॅप्टनचा पाय लागला हलायला. मी तर काचेवर घामाघूम झालो होतो. शेवटी मावशीने मागे एक खाकी पाकीट सरकवले. दिव्याची पट्टी माझ्याखालून सरकली आणि माझी दहाही भोके पहिल्यांदा छापली गेली, करड्या रंगाची.

खाली काय लिहायचे यावर कॅप्टनने तीन कागद चुरगाळले. चौथ्यावर हात थांबला. तिने लिहिले: 'पहिल्या दिवशी मी दहाही छर्रे शेजारच्याच्या टार्गेटवर मारले. नंतर शिकले. तुम्हीही शिकाल. बंदूक नको, अनुभव नको. जिन्याखालची लांब खोली, रोज चार वाजता. या, वाट बघते.' खाली सही केली, 'कॅप्टन'.

शनिवारी पाचला दहा मिनिटे कमी होती. वहीत तेरा नावे होती. मॅडम खुर्चीत बसून घड्याळ पाहत होत्या. सरांनी मला फायलीत न ठेवता खिळ्याला अडकवले होते, म्हणून मला उघड्या दारातून बाहेरचे दिसत होते. जिन्यापाशी दोन मुली उभ्या होत्या. हातात पत्रक, दोन पावले पुढे यायच्या आणि परत मागे. मी जीव तोडून फडफडलो. पंखा बंद करायला कॅप्टन दाराजवळच्या बटणापाशी आली, तेव्हा तिला त्या दिसल्या.

ती बाहेर गेली. त्यातल्या धीट मुलीने विचारले, "ताई, हे खरं आहे? का उगाच लिहिलंय?"

आत तेरा जण, सर, मॅडम, सगळे ऐकत होते. कॅप्टनचे कान लाल झाले.

"खरं आहे," ती म्हणाली. "दहाही. आणि वर रडलेसुद्धा."

दुसरी मुलगी खुदकन हसली. "मग आमची नावं लिहा."

मॅडमनी पंधरा ओळी बोटाने मोजल्या आणि निघून गेल्या. मोडकी बाके दुसरीकडे गेली.

कॅप्टन कॉलेज सोडून निघाली, त्या दिवशी सरांनी कबूल केल्याप्रमाणे मला तिच्या हातात दिले. तिने मला दोन्ही हातांनी धरले. तेच हात, तीच पकड. मी डोळे मिटावे तसा आक्रसलो. तिने मला कपाळाला लावले, आणि नवे लोक उभे राहतात त्या तीन नंबरच्या मागच्या भिंतीवर चार टाचण्यांनी बसवले. सर चष्मा पुसत राहिले.

मित्रांनो, तुमचाही एखादा पहिला कागद असेल. वेडावाकडा, लाज वाटणारा. तो फाडू नका. दारात अडखळलेल्या कोणाला तरी त्याची गरज पडते. आणि कधी या खोलीत आलात, तर माझे एक काम करा. माझी खालच्या कोपऱ्यातली टाचणी निसटली आहे, तेवढी परत लावा. उद्या चार वाजता नवी मुले येणार आहेत, आणि त्यांना मी दिसायला हवा.