झोपाळ्यावरचे अठरा सेकंद

“आई, खरं सांग. पिवळी मेली ना?”

प्रश्न विचारला भोंग्यानं, पण तो शिजला होता शाळेच्या मधल्या सुट्टीत. टकळी, चष्मिश आणि लंबी या तिघी मैत्रिणींनी तिला जिन्याखाली गाठून पैज लावली होती. “हिंमत असेल तर आज आईला तोंडावर विचार. आणि उत्तर जसंच्या तसं आणायचं, मीठमसाला न लावता.” भोंगा छाती काढून म्हणाली होती, “विचारते की! मी काय घाबरते कुणाला?” आता आईसमोर उभं राहिल्यावर मात्र तिनं तो प्रश्न एका दमात फेकून टाकला होता.

आई कानाला हेडफोन लावून, हातात पेन्सिल धरून बसली होती. समोरच्या पडद्यावर एका कार्टूनमधल्या मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहून थिजलं होतं. आईचं काम जगावेगळं. परदेशी कार्टून मालिकांना ती इंग्रजी संवाद बसवायची. बसवायची म्हणजे अगदी शिंप्यानं बाही बसवावी तसे. पडद्यावरचे ओठ चारदा उघडले, तर वाक्यही चार उघडझापींत आटपलं पाहिजे. ही सवय तिच्या इतकी हाडीमाशी खिळली होती, की घरी पाहुणे बोलायला लागले तरी तिची बोटं टेबलाच्या कडेवर त्यांचे ओठ मोजत. पाहुण्यांना वाटायचं, बाई कंटाळल्या.

बाबा ते संवाद रेकॉर्ड करायचे. घरामागच्या अडगळीच्या खोलीला त्यांनी चारी बाजूंनी जुन्या गाद्या ठोकल्या होत्या आणि मध्ये एक काच बसवली होती. काचेच्या अलीकडे बाबा आणि त्यांची बटणं, पलीकडे माईक. भिंतीपलीकडे स्वयंपाकघर असल्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद ठेवावा लागे. पूर्वी तो पुन्हा चालू करायचा राहून जाई आणि दूध नासे. म्हणून बाबा आता फ्रिज बंद करताना स्कूटरची किल्ली त्याच्या आत ठेवत. किल्लीशिवाय कुठे जाता येत नाही, त्यामुळे फ्रिज आठवतोच. घरात सगळ्यांत थंडगार वस्तू कुठली, असं कुणी विचारलं तर भोंगा डोळे मिटून सांगे, “बाबांची किल्ली.”

सध्या घरात चालली होती ती जादूच्या मुलींची मालिका. दोन शाळकरी मैत्रिणी. छत्री उघडून गर्रकन गिरकी घेतली, की एकीचा पोशाख निळा होतो, दुसरीचा पिवळा, आणि मग दोघी मिळून शहरावर चालून आलेल्या वादळराक्षसांची धूळधाण उडवतात. मूळ भाषेत दोघींना वेगळी नावं होती, इंग्रजीत आणखी वेगळी ठेवली होती, म्हणून गोंधळ नको, असं म्हणत घरात त्यांना निळी आणि पिवळीच म्हणत.

आणि या निळीचा इंग्रजी आवाज कुणाचा? आपल्या भोंग्याचा!

वर्षभरापूर्वी हे कुणी सांगितलं असतं तर तिनं स्वतःच पोट धरून हसून घेतलं असतं. तिचा आवाज म्हणजे घोगरा, दणदणीत, बंद दारातून आरपार जाणारा. शाळेच्या समूहगानात बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं करून हळूच सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव हं बाळ.” तिनं तीन वर्षं नुसते ओठ हलवले. वर्गातही तोंडाला कुलूप. मग एकदा निळीच्या संवादांची लांबी तपासायला बाबांनी तिच्याकडून कच्चं वाचन करून घेतलं. आणि वेंधळेपणाचा कळस म्हणजे, मोठ्या कलाकार बाईंचं रेकॉर्डिंग पाठवायच्या ऐवजी तीच कच्ची फाईल वाहिनीला धाडून दिली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण दुसऱ्या दिवशी वाहिनीवाल्या बाईंचा फोन आला. “ही पोरगी कुठे लपवून ठेवली होती तुम्ही?”

तेव्हापासून ‘भोंगा’ हे चिडवायला ठेवलेलं नाव ती वहीवर झोकात लिहू लागली. वर्गात हात वर करू लागली. निळीनं तिला काय दिलं होतं, ते निळीलाही ठाऊक नव्हतं.

“आई, ऐकतेयस ना? पिवळी मेली ना?”

आईनं हेडफोन न काढताच उत्तर दिलं, “बोर्डिंग शाळेत गेली. मागच्या शनिवारीच दाखवलं की. तूच तर बोललीस ते वाक्य.”

“बोललेच की! आणि चष्मिशनं काल नेटवर मूळ भाग बघितला. त्यात कुणी बोर्डिंगला-बिर्डिंगला जात नाही. आणि आई, तेरा भागांत तीन जण बोर्डिंग शाळेत गेले. टकळी म्हणते, त्या शाळेत आता बाक उरले नसतील, पिवळीला सतरंजीवर बसवत असतील!”

आईला हसू आवरलं नाही. तिनं हेडफोन काढले. मग भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे पेन्सिल रोखली. वाहिनीची नियमावली. मरण नको. रक्त नको. सलग रडणं तीन सेकंदांच्या वर नको. आणि शेवटी ठळक अक्षरात, दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता नको, मुलं चॅनेल बदलतात.

“मेली गं,” आई म्हणाली. “निळीच्या वाट्याची वीज तिनं आपल्या छत्रीवर घेतली. मी चारदा बघितलं आणि चारही वेळा रडले. पण मी नाही म्हटलं असतं तर काम दुसऱ्या कुणाकडे गेलं असतं. त्यानं पिवळीला बोर्डिंगला नाही, सहलीला पाठवलं असतं. निदान मी निळीच्या तोंडी ‘तिची छत्री मी सांभाळेन’ एवढं तरी ठेवलं. शहाण्या मुलांना कळेल, म्हटलं.”

“मी शहाणी नाही का? मला नाही कळलं!”

यावर आईनं नुसती खुर्ची ओढून दिली. “बस. उद्याचा चौदावा भाग बघ. मूळ आवाजात.”

पडद्यावर संध्याकाळची बाग होती. दोन झोपाळे. एकावर निळी, दुसरा रिकामा. निळीची मान खाली, केसांनी चेहरा झाकलेला. तिनं पायानं स्वतःचा झोपाळा थांबवला. मग हात लांब करून रिकामा झोपाळा हलकेच ढकलला. तो गेला, आला, गेला, आला. बस्स. ना संगीत, ना शब्द. कोपऱ्यातलं घड्याळ अठरा सेकंद पुढे सरकलं.

भोंग्यानं पडद्यावरची नजर न काढता विचारलं, “आणि इंग्रजीत इथे काय आहे?”

आईनं कागद पुढे सरकवला, पण तिच्याकडे बघितलं नाही. निळीचं तोंड दिसत नव्हतं, म्हणजे तिथे काहीही कोंबता येत होतं. आणि कोंबलंही होतं. पिवळीची बोर्डिंगमधली खोली किती छान आहे, ती रोज पत्र लिहिणार आहे, आणि चला, घरापर्यंत कोण आधी पळतं बघू! मागे ढोलताशासारखं दणदणीत संगीत.

“हे मी बोलायचं?”

“उद्या शाळेतून आल्यावर,” आई हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत भोंग्यानं मैत्रिणींना जसंच्या तसं उत्तर सांगितलं. पैज जिंकली, पण टाळी द्यायला कुणाचा हात वर आला नाही.

“म्हणजे आज तू तो बोर्डिंगच्या खोलीचा पाळणा गाणार?” टकळीनं विचारलं.

“तिला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला,” चष्मिश म्हणाली.

“ए, गप्प बसा गं,” लंबी मध्ये पडली. “ती नाही बोलली तर निळी काढून घेतील तिच्याकडून. तुमच्या बापाचं काय जातंय?”

भोंग्यानं डबा न संपवताच मिटला. लंबीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. निळी गेली, तर पुन्हा शेवटची रांग आणि नुसते ओठ?

चार वाजता फ्रिज बंद झाला, किल्ली आत गेली, गाद्यांच्या खोलीचं दार लागलं. बाबांनी काचेतून अंगठा दाखवला. पडद्यावर झोपाळा हलला आणि भोंगा बोलली. वाक्य वेळेत बसलं.

“छान,” बाबा म्हणाले. “फक्त जरा रडवेलं आलं. पुन्हा.”

दुसऱ्यांदा ती हसत बोलली. लादी पुसायचं औषध विकतेय असं वाटलं. तिसऱ्यांदा ‘बोर्डिंग’ शब्दावर तिला उचकी लागली. चौथ्यांदा बरं झालं, पण वरच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळा ठोकला. पाचव्यांदा सगळं बिनचूक झालं. बाबांनी पुन्हा अंगठा दाखवला. “झालं! हेच ठेवू.”

भोंगा माईकसमोरून हलली नाही. बिनचूक झालेलं तिला अजिबात आवडलं नव्हतं. उचकीवालं त्यातल्या त्यात खरं होतं.

“बाबा, अजून एकदा. पण या वेळी मी काही बोलणार नाही.”

“मग रेकॉर्ड काय करू? गाद्या?”

“मी नुसती तिच्याबरोबर बसते. तुम्ही चालू करा हो!”

बाबांनी शेजारी बसलेल्या आईकडे बघितलं. आईनं मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच ठाऊक. झोपाळा सुरू झाला. भोंग्यानं श्वास घेतला. निळीचे खांदे वर गेले, तिचेही गेले. रिकामा झोपाळा ढकलताना तिच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. तिनं आवंढा गिळला, नाक ओढलं. एक श्वास मध्येच अडकला आणि तुटकतुटक बाहेर पडला. जो आवाज बंद दारातून आरपार जायचा, तो आज काचेपर्यंतही पोचत नव्हता, माईकमधून मात्र सगळा ऐकू येत होता.

अठरा सेकंद संपले. बाबा बटण दाबायचं विसरले. रेकॉर्डिंग आणखी दोन मिनिटं गाद्यांची शांतताच टिपत राहिलं.

“फार सुंदर आहे गं,” शेवटी बटण दाबत बाबा म्हणाले. “पण नियम? दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता नको.”

आईची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली होती. ती चष्मा कपाळावर सरकवून पडद्यावरच्या आवाजाच्या रेषा मोजत होती. “थांबा. इथे श्वास. इथे आवंढा. इथे नाक. दीड सेकंद, एक सेकंद, पावणेदोन...” ती एकदम ताठ बसली. “अहो, यात शांतता आहेच कुठे? दोन सेकंदांच्या वर एकही जागा रिकामी नाही! शब्द हवेत असं नियमात कुठे लिहिलंय? नियम मोडलेलाच नाही!”

“आणि रडणं?”

“रडतंय कोण? पोरीला सर्दी झालीय.”

तिघंही इतके हसले, की वरच्या मजल्यावरून आता त्यांच्यासाठी ठोकलं गेलं.

बाबांनी पाचवं आणि हे श्वासवालं, अशी दोन्ही रेकॉर्डिंग वाहिनीवाल्या बाईंना ऐकायला पाठवली. तासाभरात फोन आला. तोवर तिघं स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले होते. बाबांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“नियमात बसतं, ते मी मान्य करते. तुमच्या बायकोशी वाद घालून कोण जिंकलंय?” बाई म्हणाल्या. “आणि खरं सांगू? मी दारं लावून दोनदा ऐकलं. पण माझ्या वरच्या साहेबांची मला खात्री नाही. त्यांना हा प्रसंग धावपळीचा हवाय. श्वासवालं पाठवलंत आणि त्यांना खटकलं, तर पुढच्या पर्वात निळी दुसऱ्या मुलीकडे जाईल. एक नामवंत आवाज त्यांनी हेरूनही ठेवलाय. बोर्डिंगवालं पाठवलंत, तर काहीच प्रश्न नाही. सहापर्यंत एकच फाईल पाठवा. कुठली, ते तुम्ही ठरवा.”

फोन बंद झाला. घड्याळात साडेपाच वाजले होते.

“बोर्डिंगवालंच पाठवू,” बाबा आधी म्हणाले. ते भोंग्याकडे न बघता एकच शेंग पुन्हापुन्हा सोलत होते. “चौदा भाग तिनं जीव ओतलाय. अठरा सेकंदांसाठी सगळं घालवायचं? पोरगी आत्ता कुठे बोलायला लागलीय हो.”

“मला तर श्वासवालं पाठवावंसं वाटतंय,” आई म्हणाली. “पण ती माझी हौस झाली. वीज हिच्यावर पडायची. मी नाही सांगणार.”

भोंग्यानं समोरचा वाटाणा बोटानं ढकलला. निळी हवी होती तिला. फार हवी होती. नामवंत आवाजाची ती मुलगी कशी असेल, छत्री उघडताना निळीच्या तोंडून कशी ओरडेल, हेही तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग तिनं पाचव्या वेळचं ते बिनचूक वाक्य मनातल्या मनात ऐकून बघितलं. शनिवारी घराघरांत ते तिच्याच आवाजात वाजणार होतं. कुठलीतरी छोटी मुलगी त्यावर विश्वास ठेवणार होती आणि पिवळीच्या पत्रांची वाट बघत बसणार होती.

ती उठली. खुर्ची करकरली.

“आई, बाबा, माझं ठरलं,” ती आपल्या खास आवाजात म्हणाली आणि वरचा मजला चिडीचूप झाला. “श्वासवालीच पाठवा. निळी गेली तर मी दोन दिवस रडेन, तीन सेकंदांच्या वर रडेन, तुम्ही मध्ये पडायचं नाही. पण बोलणं मी सोडणार नाही. आणि बाबा, फाईलखाली लिहा, हे आमच्या मुलीनं ठरवलंय. वरच्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी तिलाच फोन करावा. ती चारनंतर घरी असते.”