दाव्याला बांधलेलं विमान

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. आभाळातून जाताना तुम्ही ज्याला हात हलवता, ते नव्हे. माझे दोन्ही पंख पसरले तरी तुमच्या घराच्या दाराएवढीच माझी रुंदी. हलक्या लाकडाचं अंग, त्यावर पिवळा कागद, आणि पोटावर चिकटपट्टीचे तीन पट्टे. ते पट्टे कसे आले, तेच सांगतो.

मला मानवतच्या सिद्धोधनसरांनी घडवलं. ते शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांची भाची सृष्टी त्यांना मामा म्हणते, म्हणून ते माझेही मामाच. तेव्हा माझ्या नाकावर तेलाचं इंजिन होतं. ते सुरू झालं की एरंडेलाचा वास सुटायचा आणि माळभर भुंग्यासारखा आवाज घुमायचा. मामा हातातल्या रेडिओच्या डब्यावरून हुकूम सोडायचे आणि मी ऐकायचो. पोखर्णीच्या रस्त्यावर सुलाबाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकरणीचा माळ आहे, तिथे माझं उड्डाण बघायला माणसं मोटारसायकली थांबवायची. मला फार मिरवल्यासारखं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी मात्र घात झाला. सृष्टी तेव्हा नऊ वर्षांची होती. “आज डबा तुझ्या हातात,” असं मामांनी तिला कबूल केलं होतं. पण तिची पाळी येण्याआधीच माझे कान, म्हणजे पोटातला रेडिओ, बंद पडले. मामा डब्यावरच्या काड्या वर करत होते, खाली करत होते. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी सुसाट खाली आलो. सृष्टीच्या डोक्यावरून असा गेलो, की तिच्या वेणीची लाल रिबीन फडफडली. मग बाभळीत अडकून माझं पोट फाटलं.

सृष्टीची आई बबिता धावत आली. तिनं आधी लेकीचं डोकं चाचपलं आणि मग भावासमोर हाताची वीत धरली.

“दादा, एवढंच अंतर होतं. एवढंच! हे पुन्हा उडालं तर मी माहेरी पाऊल टाकणार नाही.”

मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. लेकीच्या आंघोळीचं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेणारी बाई ती. बी.एस्सी. झालेली, पण औषधाच्या बाटलीवरची तारीख तीनदा वाचणारी. तिचं चुकलं कुठे?

मामांनी चिकटपट्टीचे तीन पट्टे लावून माझं पोट सांधलं आणि मला कपाटावर ठेवलं. दोन वर्षं मी तिथे धूळ खाल्ली. पालीनं माझ्या पंखाखाली अंडी घातली. दर सुट्टीत सृष्टी खालून विचारायची, “मामा, माझी पाळी राहिलीय ना?” मामा बबिताकडे बघून विषय बदलायचे. यंदा थंडीतही तिनं तेच विचारलं, तेव्हा बबिता वैतागून म्हणाली,

“वासराला दावं लावता, तुझ्या विमानाला लावता येत नाही का रे दादा?”

तो टोमणाच होता. पण मामांनी हातातला चहा खाली ठेवला.

“बबे, येतं की! अगं, येतं!”

दुसऱ्याच दिवशी माझी शस्त्रक्रिया सुरू झाली. इंजिन गेलं, त्या जागी विजेची मोटर आणि बॅटरी आली. रेडिओचं सामान उपसून निघालं. पोटात एक त्रिकोणी पट्टी बसली. तिच्यापासून एक सळई शेपटीकडे गेली आणि दोन बारीक पोलादी तारा डाव्या पंखाच्या टोकातून बाहेर आल्या. पन्नास फूट लांब तारा, आणि त्यांच्या टोकाला हातात धरायची मूठ. मनगट वर कललं की शेपटीची पट्टी वर उचलायची आणि मी चढायचो. खाली कललं की उतरायचो. तारा सैल पडू नयेत म्हणून उजव्या पंखात वजनासाठी एक नट चिकटवला, शेपटीचं उभं पान जरासं बाहेर वळवलं. चार मिनिटांनी मोटर आपोआप बंद व्हायची सोयही केली. मामांचं हे डोकं बघून मी थक्क झालो.

विजेच्या तारांपासून दूर, माळाच्या मधोमध मामा उभे राहिले, मायलेकी लांब बांधाजवळ. मोटर गुणगुणली, मी धावलो. मामांनी मनगट वर केलं आणि मी सरळ नाक मातीत खुपसलं. नाकावरचा फिरता पंखा तुटला.

“झालं समाधान?” मामा स्वतःवरच चिडले. “चल, कपाटावर.”

सृष्टीचे डोळे भरले. बबिता मात्र जागची हलली नव्हती.

“दादा, तू मूठ उलटी धरली होतीस. तू मनगट वर केलंस तेव्हा त्याच्या शेपटीची पट्टी खाली गेली. मी बघत होते.”

तिनं सृष्टीच्या वेणीतली लाल रिबीन सोडली आणि मुठीच्या वरच्या टोकाला घट्ट बांधली. “लाल वर. आता चुकायचं नाही.”

मामांनी नवा पंखा बसवला आणि सृष्टीकडे बघितलं. बबितानं मूठ आपल्याकडे ओढली, मुठीला बांधलेला दोरीचा फास मनगटात अडकवला.

“आधी मी.”

मी उडालो. तिच्याभोवती गोल, आणखी गोल. तारा ताठ झाल्या आणि तिचा हात मला कळू लागला. रेडिओवर मी हुकूम ऐकत होतो. इथे मी ओढायचो आणि ती ओढ धरायची.

“दादा, हे खेचतंय रे! जिवंत असल्यासारखं!” ती हसायला लागली आणि लगेच झोकांडली. “गरगरतंय मला!”

बांधावरून सुलाबाई ओरडल्या, “आगं, ही तर आमची मळणी! मदी तिवड्याचा खांब, भवती बैल! बैलाकडंच बघ पोरी, रानाकडं बघू नको. रानाकडं बघितलं की भवळ येती!”

बबितानं नजर माझ्यावर रोवली. पावलं स्थिर झाली.

पुढच्या खेपेला सृष्टी मुठीशी होती. पाठीमागून आईचा हात तिच्या हातावर होता. पहिले चार फेरे मला दोन हातांची ओढ लागत होती, एक घट्ट, एक उतावीळ. पाचव्या फेऱ्याला घट्ट ओढ सुटली. तारा तरीही ताठच राहिल्या. मला एवढंच दिसलं, की बबिता लेकीच्या पाठीशी वाकून तिच्याबरोबर गोल फिरते आहे आणि तिचे दोन्ही हात रिकामे आहेत.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर कुणी धूळ खात असेल. त्याला खाली उतरवा, पुसा, त्याचं काय बिघडलंय ते नीट बघा. आणि उडवायच्या आधी मोठ्या माणसाला मूठ दाखवून विचारा, रिबीन वर आहे ना?