बदकाबरोबर कुठली वाइन

द्राक्षतोडणी संपत आली होती. त्या रविवारी दुपारच्या जेवणाला मी जांभळे आलुबुखार घालून बदक केलं होतं. रस्सा जरा जास्तच गोड झाला होता. माझे सासरे अलोईस यांनी तो चमचाभर चाखला, वर आमच्याच मळ्यातली रीसलिंग ही कोरडी, म्हणजे बिनगोडीची पांढरी वाइन घोटभर घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"लिंबू चोखल्यासारखं लागतंय, पोरी. जिभेवर फळाची गोडी असली की कोरडी वाइन नुसती आंबट होऊन बसते."

"मग लाल काढू या?"

"बदकाला चालेल, आलुबुखाराला नाही. तुला फळ शिजवता येतं, त्याचं लग्न लावता येत नाही."

"मग पाद्री तुम्हीच व्हा, बाबा," मी म्हटलं.

माझी नणंद क्लारिस ताटं मांडता मांडता हसली. "गेवुर्त्स वाइन काढा की. गोडही आहे."

"तिच्या गुलाबाच्या वासापुढे आलुबुखार गुदमरेल. जुनी पिनो ग्री आणतो, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. ती गोडही आहे आणि तिला कणाही आहे." एवढं बोलून ते तळघराकडे गेलेसुद्धा.

मी रस्सा हलवत राहिले आणि एकदम हात थांबला. घर फार शांत होतं. तळघरातल्या पंख्याची घरघर आम्हाला तोडणीच्या दिवसांत अहोरात्र ऐकू येते. ती नव्हती. मघाशी क्षणभर वीज गेली होती. दिवे आपोआप परत लागले होते, पण पंखा हातानं चालू करावा लागतो, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

खाली पिंपांत नवा रस फसफसत होता. त्यातून निघणाऱ्या वायूला रंग नसतो, तो जड असतो, विहिरीतल्या पाण्यासारखा तळाशी साचतो. शेजारच्या गावात त्यानं बाप आणि लेक एकाच दुपारी गेले होते. लेक बापाला काढायला उतरला होता.

"बाबा!" मी तळघराच्या दारातून ओरडले. दिवा लावला तर जिन्याच्या मध्यावर ते पालथे पडलेले. परत वर यायला निघाले असावेत. एक हात वरच्या पायरीवर होता, आणि तो हलत नव्हता.

क्लारिस मागून धावत आली आणि थेट उतरायलाच लागली. मी तिची कंबर दोन्ही हातांनी धरली.

"सोड, वहिनी! माझे बाबा आहेत ते!"

"उतरलीस तर तूही पडशील!"

"दहाच पायऱ्या आहेत, श्वास धरून जाते!"

तिनं माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. मी सोडलं नाही. मनात एकच येत होतं, ते जिवंत असले आणि माझ्यामुळे गेले तर? मीच उतरावं, असंही एकदा वाटलं. पाऊल पुढे टाकलंही, आणि मागे घेतलं.

मी तिला फरफटत अंगणात आणलं. "पिंपं उतरवायचा मोठा दरवाजा उघड! दोन्ही कवाडं! आत पाय ठेवू नकोस!" ती रडत रडत धावली. मी बाहेरच्या भिंतीवरचं पंख्याचं बटण दाबलं, गावच्या अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडच्या माणसानं पत्ता विचारला तर मला माझ्याच गल्लीचं नाव आठवेना. "मातेर्नच्या घरी," एवढंच तोंडातून निघालं. मातेर्न म्हणजे माझा नवरा. तो मजुरांबरोबर टेकडीवर होता.

मग दारात उभं राहायचं, बघत राहायचं, एवढंच उरलं. पंखा घरघरत होता. तो हात तसाच होता. क्लारिस त्यांना हाका मारत होती, लहानपणी मारायची तशा.

श्वासाचे मुखवटे लावलेली दलाची माणसं आली, बाबांना उचलून अंगणात घेऊन गेली. चेहरा मेणासारखा. ऑक्सिजन लावला तरी काही होईना. मग त्यांची छाती हलली, खोकला आला, आणि मी तिथंच जमिनीवर बसले.

बाबा वाचले. डोकं पायऱ्यांवर उंच राहिलं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात क्लारिस बराच वेळ माझ्यापासून दूर बसली होती. शेवटी म्हणाली, "ते गेले असते ना वहिनी, तर मी तुझं तोंड पाहिलं नसतं. तुझं बरोबर असूनही."

"ठाऊक आहे," मी म्हणाले. "मीही स्वतःचं नसतं पाहिलं."

ती उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली.